दुरून डोंगर, जवळून पायऱ्या

मराठीत आपण म्हणतो, ‘दुरून डोंगर साजरे’. माझ्या कन्नड मैत्रिणी म्हणतात, ‘दूरद बेट्ट नुण्णगे’, म्हणजे लांबचा डोंगर गुळगुळीत दिसतो. हिंदीवाल्यांना डोंगराऐवजी ढोल सुचला; ते म्हणतात, ‘दूर के ढोल सुहावने’. तीन भाषांतल्या शहाण्या माणसांनी एकच गोष्ट सांगून ठेवली असताना ती मला कळायला इंदूरपर्यंत जावे लागले, आणि तिथेही एक्क्याऐंशी वर्षांच्या एका बाईच्या गुडघ्यांकडून शिकावे लागले. त्याची ही हकीकत. हकीकत घरगुती आहे. पण तिच्यातून निघणारे मत घरापुरते नाही, असे वाटते, म्हणून ते येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

आमची आजी माहेरची इंदूरची, छत्रीबागेतली. १८१८ साली मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. दरबाराच्या नोकरीसाठी जी मराठी कुटुंबे तिथे स्थिरावली त्यांतलेच आजीचे एक. १९६९ मध्ये लग्न होऊन आजी बेळगावला आली. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशीआजी, लग्नानंतरही इंदुरातच राहिली आणि पुढे माहेरच्याच घरात परतली. दोघी बहिणींच्या गावांची कुंडलीही गमतीदार आहे. १ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी इंदूर नव्या मध्य प्रदेशात गेले आणि बेळगाव म्हैसूर राज्यात. त्यामुळे आमच्या घरात मराठीला एका बाजूने हिंदीची फोडणी आहे आणि दुसऱ्या बाजूने कन्नडची. मावशीआजी म्हणते, ‘मी येऊन राहिले’. आजी म्हणते, ‘येते गे’. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २००० साली बेळगावला भरले आणि लगेच २००१ साली इंदूरला. आजी तेव्हा गमतीने म्हणत असे की संमेलनाला जमते ते आम्हां बहिणींना जमत नाही.

गेल्या वर्षी ते जमवायचे ठरले. दोघी अकरा वर्षांत भेटल्या नव्हत्या. सगळ्या शाखा एकदा एकत्र याव्यात, डिसेंबरच्या सुट्टीत, इंदूरलाच, असा ठराव फोनवर मंजूर झाला. इंदूर आणि आसपासचे एक्केचाळीस, बेळगावचे एकोणीस, पुण्याचे बारा आणि बंगळुरूचे सहा, अशी अठ्ठ्याहत्तर माणसांची यादी झाली. मी वाणिज्य शाखेची, सबब हिशेब माझ्याकडे. हिशेबाच्या शेपटीला बांधून जागा शोधण्याचे कामही माझ्याच गळ्यात पडले. बंगळुरूच्या काकांची सूचना एवढीच होती : ‘जागा निसर्गरम्य हवी आणि बेत ब्रंचचा ठेवा.’

आता ब्रंच म्हणजे काय, हे आजीला समजावताना माझी तारांबळ उडाली. न्याहारी आणि जेवण यांच्या मधला, दोन्हींची जागा घेणारा हा बेत. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रज लेखकाने त्याची वकिली केली. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागलेल्या माणसाला रविवारी लवकर उठून जड जेवण सोसवत नाही, म्हणून दुपारी बाराच्या सुमारास सुटसुटीत काही असावे, असा त्याचा मुद्दा होता. मुद्दा उशिरा उठणाऱ्यांच्या सोयीचा. आमच्या यादीत सत्तरीच्या पुढचे अकराजण होते. ते पहाटे साडेचारला उठतात, त्यांतल्या चौघांना मधुमेह आहे, आणि नऊपर्यंत पोटात काही गेले नाही तर त्यांचे हात थरथरू लागतात. आजीने सगळे ऐकून विचारले, ‘म्हणजे नाश्ता वाचवायचा, होय?’ मला उत्तर सुचले नाही.

तरीही मी उत्साहाने कामाला लागले. घरी बसून इंदूरभोवतालच्या जागांची यादी केली. पहिल्या क्रमांकावर पातालपाणी. इंदूरपासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर, महूच्या पुढे, तीनशे फुटांच्या आसपास उंचीचा धबधबा. शेजारून जुना रेल्वेमार्ग दरीत उतरतो. त्या मार्गाची कथा तर वाणिज्यच्या विद्यार्थ्याला मोहात पाडणारी. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंदूरपर्यंत रेल्वे यावी म्हणून ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने आणि एकशे एक वर्षांच्या मुदतीने! संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावे, ही गोष्ट मला इतकी आवडली की मी मनोमन जागा तिथेच पक्की करून टाकली. त्या वाटेवर दरीच्या तोंडाशी एक रिसॉर्ट होते. ताटाला साडेआठशे रुपये. छायाचित्रांत मागे हिरवी दरी आणि पांढरेशुभ्र पाणी.

ऑक्टोबरात बाबा आणि मी पुण्याहून इंदूरची गाडी पकडून जागा पाहायला गेलो. तिथे पहिला धडा मिळाला : ती छायाचित्रे जुलै-ऑगस्टातली होती. पातालपाण्याला पाणी पावसाचे. पाऊस सरला की धार बारीक होत जाते, आणि आमचे संमेलन तर डिसेंबरात. बरे, जुलैत गेलो असतो तर? जुलै २०११ मध्ये त्याच ठिकाणी सहलीला आलेल्या एका कुटुंबातली माणसे अचानक वाढलेल्या पाण्यात वाहून गेली होती. म्हणजे धबधबा देखणा असतो तेव्हा धोक्याचा, आणि निर्धोक असतो तेव्हा नुसता कातळ. दुसरा धडा रिसॉर्टमध्ये मिळाला. जेवणाची जागा खाली, दरीच्या काठाला. मी पायऱ्या मोजल्या. चोपन्न. मध्ये कठडा एकाच बाजूला. व्यवस्थापक सौजन्याने म्हणाले, ‘बुजुर्गों के लिए ऊपर कमरे में थाली भिजवा देंगे.’

संध्याकाळी छत्रीबागेत मावशीआजीकडे परतलो. तिने सगळे विचारून घेतले आणि शांतपणे म्हणाली, ‘छान जागा आहे बेटा. तुम्ही सगळे जाऊन या. मी इथून लाडवांचा डबा देते. संध्याकाळी परत येऊनच राहिले ना सगळे, तेव्हा भेटू.’ बोलण्यात राग नव्हता, कुरकूर तर नव्हतीच. तिने स्वतःला यादीतून इतक्या सहज वजा केले की मलाच घाम फुटला. जिच्यासाठी चारशे कोसांवरून माणसे येणार, तीच येणार नव्हती, आणि तसे कोणीही ठरविलेले नव्हते. ते माझ्या जागेने ठरविले होते.

माझे मत ते हेच. समारंभाची जागा निवडताना आपण कोठे जायचे एवढेच ठरवतो, असे आपल्याला वाटते. वास्तविक कोणाला वगळायचे, हेही आपण त्याच वेळी ठरवत असतो. आमंत्रणपत्रिकेवर ‘सहकुटुंब’ छापले म्हणून आमंत्रण सर्वांना पोचत नाही. चोपन्न पायऱ्या ते वाटेत अडवतात. आणि ज्यांना अडवले जाते ती माणसे सहसा भांडत नाहीत. ती डबा देतात, वर्गणी देतात, ‘तुम्ही जाऊन या’ म्हणतात.

हे लिहिताना मला आपल्या महाविद्यालयातली एक गोष्ट आठवते, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गाची सहल गोकाकच्या धबधब्याला गेली. घटप्रभेवरचा झुलता पूल, पाण्याचा तो गडगडाट, सगळे सुंदरच. आमच्या वर्गात एक मैत्रीण पायाला कॅलिपर लावून चालते. तिने वर्गणी सर्वांच्या आधी भरली आणि आदल्या दिवशी ‘घरी काम निघाले’ असा निरोप पाठवला. सहल समितीत मी होते. तिचे पैसे परत केले, खाते चुकते केले, आणि मला वाटले हिशेब मिटला. तिला एका शब्दाने विचारले नाही की जागा दुसरी असती तर आली असतीस का. मावशीआजीच्या ओसरीवर बसून मला तो निरोप दोन वर्षांनी वाचता आला.

मग आम्ही नव्याने शोध सुरू केला. या वेळी मोजमाप उलटे धरले. आधी मावशीआजीचे पाय, मग सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि शेवटी देखावा. एका मामांनी सुचविले, ‘छत्रीबागेतच छत्र्या आहेत की! बाग आहे, कोरीव दगड आहे, याहून रम्य काय?’ सूचना वरवर मोहक होती. पण छत्री म्हणजे समाधीचे स्मारक. होळकर घराण्यातल्या माणसांच्या आठवणीसाठी बांधलेल्या त्या शिखरांखाली आपण जिलबीचा पाक सांडायचा, कोरीव खांबाला फुग्यांच्या माळा बांधायच्या, हे मला पटले नाही. स्मारक सर्वांचे असते, म्हणूनच ते एका कुटुंबाने अर्ध्या दिवसासाठी आपले करू नये. पाहावे, मुलांना दाखवावे, नमस्कार करून बाहेर पडावे. सिरपूरच्या तलावाचीही तीच गोष्ट. २०२२ पासून तो रामसर यादीतला पाणथळ प्रदेश आहे. हिवाळ्यात तिथे लांबून पक्षी येतात. त्यांच्या संमेलनात आपल्या अठ्ठ्याहत्तर माणसांचा आणि ध्वनिक्षेपकाचा गोंगाट कशाला?

अखेर जागा सापडली ती मावशीआजीच्या घरापासून दोनशे पावलांवर. एक जुनी धर्मशाळा. फरसबंद अंगण, मधोमध मोठा कडुनिंब, आत यायला एकच उंबरा, आणि गच्चीवर गेले तर घरांच्या पलीकडे छत्र्यांची शिखरे. इथे मला माझी दुसरी भाषा उपयोगी पडली. कन्नडमध्ये ‘छत्र’ म्हणजे धर्मशाळा, उतरण्या-जेवण्याची जागा. मराठीतही आपण ‘अन्नछत्र’ म्हणतोच. छत्रीबागेत आम्हाला हवे होते ते छत्र, आणि आम्ही तीनशे फुटांचा धबधबा शोधत होतो!

आता वाणिज्यची विद्यार्थिनी म्हणून हिशेब मांडते. रिसॉर्टची ताटे अठ्ठ्याहत्तर, साडेआठशे दराने ६६,३०० रुपये, दोन बसगाड्या १८,०००, एकूण ८४,३००. धर्मशाळेचे भाडे ३,५००, हलवाई माणशी २८० प्रमाणे २१,८४०, खुर्च्या आणि मांडव ६,०००, सफाई करणाऱ्यांचा मेहनताना १,५००, एकूण ३२,८४०. फरक ५१,४६० रुपयांचा. पण या लेखाचा मुद्दा स्वस्ताईचा नाही. धर्मशाळा रिसॉर्टपेक्षा महाग असती तरी माझे मत तेच राहिले असते. मुद्दा असा की काही खर्च बिलावर कधी येतच नाहीत. गुडघ्यांचा खर्च म्हातारी माणसे भरतात. ‘घरचेच जेवण करू’ म्हटले की तो खर्च घरातल्या बायका पहाटे तीनला उठून भरतात, म्हणून हलवाई हवाच असा मी हट्ट धरला. उष्ट्या पत्रावळी नदीकाठी टाकल्या तर तो खर्च नदी भरते. इंदूर २०१७ ते २०२३ सलग सात वेळा देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरले, ते काही कचरा आपोआप नाहीसा झाल्यामुळे नव्हे. कोणीतरी तो रोज पहाटे उचलते. जमाखर्चात जे दिसत नाही ते कोणाच्या नावे टाकले आहे, हे पाहायला आम्हांला वर्गात शिकवतात. तोच नियम समारंभालाही लावावा, एवढेच माझे म्हणणे.

माझ्या या मताला विरोध झाला, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पुण्याचा चुलतभाऊ म्हणाला, ‘सगळे म्हाताऱ्यांच्या सोयीने केले तर तरुण मुले येणार नाहीत. धर्मशाळेत कोण रजा खर्च करून येतो?’ त्याचे म्हणणे एका अर्थी खरे ठरले. बंगळुरूच्या सहाजणांनी आयत्या वेळी येणे रद्द केले. रम्य जागा नव्हती म्हणूनच केले असे मी म्हणणार नाही, पण ते आले नाहीत ही वजाबाकी माझ्या खात्यावर आहे आणि ती मी लपवीत नाही. मात्र दोन वगळण्यांत एक फरक आहे. ज्याला यावेसे वाटत नाही, त्याला पुढच्या वर्षी मनवता येते. ज्याला येता येत नाही, त्याला मनवून काय उपयोग? आणि तरुणांसाठी वाट होतीच. दुसऱ्या दिवशी आम्ही वीसजण दोन गाड्या करून पातालपाण्याला गेलो, कातळावरची बारीक धार पाहिली, भरपूर छायाचित्रे काढली. डोंगर कोठे पळून जात नाहीत. ते दुसऱ्या दिवशीही असतात.

संमेलनाचा दिवस कसा गेला? नऊ वाजता गरम पोहे. इंदूरचे पोहे आपल्या पोह्यांसारखे नसतात; वाफेवर ठेवलेले, वर शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे आणि ‘जीरावन’ नावाचा तिखट-आंबट मसाला, सोबत जिलबी. बाराला दाल-बाफले. आम्ही बेळगावहून नेलेला कुंदा तासाभरात संपला. म्हणजे ब्रंचचे आम्ही पुन्हा दोन तुकडे केले, आणि कोणाचेही हात थरथरले नाहीत. दहाला मुले मोठ्या माणसांबरोबर छत्र्या पाहून आली, काहीजण छत्रीबागेतल्याच लक्ष्मी-वेंकटेशाच्या दर्शनाला गेले. सगळे काही सुरळीत झाले असे नाही. पाण्याचे पिंप अकराला संपले, आणि ध्वनिक्षेपकाने माझ्या आभारप्रदर्शनाच्या वेळीच राम म्हटले. त्याबद्दल कोणी हळहळल्याचे दिसले नाही.

मावशीआजी काठी टेकीत, दोनशे पावले स्वतः चालून आली. वाटेत दोनदा थांबली, दोन्ही वेळा ओळखीच्या दारांशी, त्यामुळे ते थांबणे थकल्याचे वाटले नाही. कडुनिंबाखाली दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या, त्या दुपारी चारपर्यंत उठल्या नाहीत. त्या काय बोलत होत्या हे मला सगळे कळले नाही. एकदा आजी सवयीने ‘हौदु, हौदु’ म्हणाली आणि मावशीआजीने विचारले, ‘हौद? कोणता हौद?’ त्यावर दोघी इतक्या हसल्या की चहा घेऊन आलेला मुलगा तसाच उभा राहिला. कन्नडमध्ये ‘हौदु’ म्हणजे ‘होय’. ते हसणे ऐकायला अकरा वर्षे लागली होती. चोपन्न पायऱ्यांखाली आणि ‘ऊपर कमरे में’ असे दोन मजले पडले असते, तर ते कोणालाच ऐकू आले नसते.

वाचकहो, आपणांपैकी अनेकांवर लवकरच अशी जबाबदारी येणार आहे. स्नेहसंमेलन असेल, निरोप समारंभ असेल, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असेल, घरातले कार्य असेल. जागेची छायाचित्रे जरूर पाहा. पण त्याआधी निमंत्रितांची यादी घ्या, तिच्यातले सर्वांत अडचणीचे नाव कोणते ते शोधा, आणि त्या माणसाला जाऊन विचारा, ‘तुला कोठे येणे जमेल?’ उत्तर मिळाले की जागा निम्मी ठरलीच.

मी माझ्या मैत्रिणीला ते अखेर विचारले. गोकाकची गोष्ट काढल्यावर ती आधी हसली, मग म्हणाली, ‘तेव्हा विचारले असतेस तर मी वरून, रस्त्यावरूनच धबधबा पाहिला असता. मला तेवढा पुरला असता.’ यंदाच्या सहलीच्या समितीत तिचे नाव मी सुचविले आहे. जागा ती निवडील.